कोळशावरची वीज: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न आणि विदर्भातून दिलेली उत्तरं

थर्मलमध्ये, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्रात, शिफ्ट ड्युटी केलेला माणूस दिसला की लग्नात, एसटीत, फॅमिली ग्रुपवर सगळीकडे तेच तेच प्रश्न येतात. सोलर आलं ना, मग हे धूर सोडणारं कशाला? कोळसा संपला म्हणतात ते खरं का? बिल का वाढलं? म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, आता कोणी विचारलं की हेच पाठवणार. कुठल्या केंद्रात होतो ते सांगत नाही. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. बरेचसे दाखले चंद्रपूर-नागपूरचे आहेत कारण राज्याची निम्मी भट्टी इकडेच पेटलेली असते.

प्र. कोळशापासून वीज होते म्हणजे नक्की काय होतं? दोन मिनिटांत सांगा.

कोळसा वॅगनमधून येतो, वॅगन टिपलर अख्खा डबा उलटा करून रिकामा करतो, मग क्रशर, मग कन्व्हेयर बेल्टवरून बंकरमध्ये, म्हणजे कोळशाच्या मोठ्या पत्र्याच्या टाकीत, बंकरमधून मिलमध्ये, आणि मिल त्याचा फेस पावडरीसारखा बारीक भुगा करते. हा भुगा गरम हवेच्या झोतात बॉयलरमध्ये उडवतात आणि तो तिथे हवेतच जळतो, शेगडीसारखा खाली ढीग नसतो. बॉयलरच्या भिंती म्हणजे नुसत्या नळ्या, त्यात पाणी, त्याची ५४० डिग्रीच्या आसपासची वाफ होते, ती वाफ टर्बाइनला मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवते, टर्बाइनला जोडलेला जनरेटर वीज देतो. नंतर ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज वाढवून ती ४०० केव्हीच्या लाईनवर टाकायची. झालं.

त्यातली गोम ही की कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश ते चाळीस टक्केच वीज होते. बाकी कूलिंग टॉवरमधून आणि चिमणीतून निघून जाते. जुनी २१० मेगावॅटची युनिटं (युनिट म्हणजे बॉयलर, टर्बाइन, जनरेटर असा एक संच) खालच्या टोकाला, कोराडीची ६६० वाली सुपरक्रिटिकल, म्हणजे जास्त दाबाच्या वाफेवर चालणारी, युनिटं वरच्या टोकाला. शिवाय पंखे, पंप, मिल यांना लागणारी वीज केंद्र स्वतःच खातं, ती सहा ते नऊ टक्के.

प्र. त्या मधे बारीक आणि वर-खाली रुंद टॉवरमधून केवढा धूर निघतो हो!

तो धूर नाही, पाण्याची वाफ आहे. पेपरवालेसुद्धा प्रदूषणाच्या बातमीला तोच फोटो लावतात. धूर निघतो तो बाजूच्या उंच, सरळ चिमणीतून, मोठ्या युनिटांची चिमणी २७५ मीटरपर्यंत असते, आणि त्यातून जे खरं त्रासदायक निघतं ते बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही. चिमणीतून काळंभोर निघताना दिसलं तर समजा की युनिट नुकतं पेटवतायत किंवा ईएसपीचे, म्हणजे धूळ पकडणाऱ्या यंत्रणेचे, काही भाग बंद आहेत.

प्र. महाराष्ट्रात ही केंद्रं कुठे कुठे आहेत? आणि सगळी विदर्भातच का?

सगळी नाहीत, पण मोठी बरीचशी इकडेच. महाजेनकोचं, म्हणजे राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचं, चंद्रपूर २९२० मेगावॅट, राज्यातलं त्यांचं सगळ्यात मोठं, पहिलं युनिट १९८० च्या दशकात सुरू झालं आणि सगळ्यात जुनी दोन आता मोडीत निघाली. मग नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा, अकोल्याकडे पारस, खानदेशात भुसावळचं दीपनगर, नाशिकचं एकलहरे, मराठवाड्यात परळी. केंद्र सरकारच्या एनटीपीसीची मौदा आणि सोलापूर. खासगीमध्ये गोंदियाचं तिरोडा ३३०० मेगावॅट, अमरावतीचं नांदगावपेठ, समुद्राकाठी डहाणू, ट्रॉम्बे, जयगड.

विदर्भात का, तर खाणी इथे आहेत. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, खाणी घुग्घुस, बल्लारपूर, माजरी, वणी, उमरेड अशा पसरल्यात. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते, म्हणजे तो लांब न्यायचा म्हणजे भाडं देऊन राख फिरवायची. त्यापेक्षा तारेतून वीज नेणं स्वस्त. चंद्रपूरहून थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५० किलोमीटरची हाय व्होल्टेज डीसी लाईन टाकलीय ती याचसाठी, १९९९ पासून ती इकडची वीज तिकडे नेते. हिशोब इंजिनिअरिंगच्या दृष्टीने एकदम बरोबर आहे, फक्त त्यात एक रकाना कोणी भरत नाही: वीज पडघ्याला जाते, राख इकडच्या दुर्गापूर, ऊर्जानगर आणि वारेगावकडेच राहते.

प्र. माझ्या घराला किती कोळसा लागतो?

एका युनिटला, म्हणजे बिलावरच्या एका युनिटला, साधारण ६५० ते ७०० ग्रॅम. महिन्याला १०० युनिट जळत असतील तर धरा ७० किलो कोळसा, वाटेतली गळती वेगळी. त्यातून तुमच्या नावाची पंचवीस किलोच्या आसपास राख पडते आणि हवेत जवळपास १०० किलो कार्बन डायऑक्साइड जातो. दीड टनाचा एसी रात्रभर चालवला की पाच-सहा किलो कोळसा गेला. अर्थात ग्रिडमध्ये, म्हणजे सगळ्या केंद्रांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, पाण्याची, सोलरची, अणूची वीज पण मिसळलेली असते त्यामुळे खरा आकडा थोडा कमी, पण रात्रीच्या एसीचा हिशोब बऱ्यापैकी हाच.

केंद्राच्या बाजूने बघितलं तर ५०० मेगावॅटचं एक युनिट फुल लोडवर दिवसाला साडेसात-आठ हजार टन खातं. मालगाडीचा एक रेक म्हणजे अठ्ठावन्न-एकोणसाठ डबे, साडेतीन ते चार हजार टन. म्हणजे एका युनिटला रोज दोन रेक, रविवार नाही, दिवाळी नाही.

प्र. देशात इतका कोळसा आहे म्हणतात, मग बाहेरून का आणतो?

जमिनीखाली साडेतीनशे अब्ज टनांच्या वर साठा मोजलाय, मुख्यतः ओडिशा, झारखंड, छत्तीसगडमध्ये, आणि २०२४-२५ मध्ये देशाचं वार्षिक उत्पादन पहिल्यांदा १०० कोटी टनांवर गेलं. तरी आणतो, कारण तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली येतात. स्टील कारखान्यांना लागणारा कोकिंग कोळसा आपल्याकडे चांगला मिळत नाही, तो ऑस्ट्रेलियाहून येतो, त्याचा विजेशी संबंध नाही. दुसरं, समुद्राकाठची काही केंद्रं मुळातच इंडोनेशियाच्या कमी राखेच्या कोळशासाठी डिझाईन झालीत, त्यांच्या बॉयलरमध्ये आपला दगडी माल टाकला तर ते धापा टाकतात. आणि तिसरं म्हणजे टंचाईत सरकार सांगतं की थोडा मिसळा, तसं २०२२ मध्ये दहा टक्के मिसळायला सांगितलं होतं. तो महाग पडतो आणि तुमच्या बिलात उतरतो, ते खाली येईलच.

प्र. दर वर्षी बातमी येते "फक्त दोन दिवसांचा कोळसा शिल्लक". हे खरं असतं का घाबरवायला?

खरं असतं, पण त्याचा अर्थ लोक चुकीचा लावतात. दोन दिवसांचा साठा म्हणजे परवा अंधार असं नाही, रोज रेक येतच असतात. अर्थ एवढाच की आता एखादी गाडी अडकली, एखाद्या खाणीत पाणी शिरलं, तर सावरायला जागा नाही. खाणीच्या तोंडाशी असलेल्या केंद्राने साधारण दोन आठवड्यांचा आणि लांबच्या केंद्राने त्याहून जास्त साठा ठेवावा अशी अपेक्षा असते.

ऑक्टोबर २०२१ ला काय झालं होतं ते आठवा. कोविडनंतर मागणी एकदम उसळली, पावसाने खाणी भरल्या, बाहेरचा कोळसा इतका महाग झाला की समुद्राकाठच्या केंद्रांनी हात वर केले आणि सगळा भार देशी कोळशावर आला. मग एप्रिल-मे २०२२ ला उन्हाळा लवकर तापला, आणि कोळशाच्या गाड्यांना वाट मोकळी करायला रेल्वेने शेकडो पॅसेंजर फेऱ्या रद्द केल्या. कोळसा जमिनीत होता, खाणीच्या बाहेर ढीगही होते, पण रेक आणि रूळ कमी पडले. ही टंचाई बहुतेक वेळा वाहतुकीची असते.

आणि पावसाळ्यातला ओला कोळसा हे वेगळंच प्रकरण आहे. भुगा कसला, चिखल येतो. बंकरमधून खाली सरकतच नाही, चिकटून बसतो, मग माणसं हातोडे घेऊन बंकरच्या पत्र्यावर बाहेरून ठोकत उभी असतात, रात्री तीन वाजता, पावसात, आणि कंट्रोल रूममधून ओरडा चालू असतो की मिलचा फीड गेला, ऑइल सपोर्ट घ्या, म्हणजे आग टिकवायला तेल जाळा. ती माणसं जवळजवळ नेहमी कंत्राटी असतात.

प्र. कोळशात दगड येतात हे ऐकलंय.

येतात. कोळशाला जी-१ ते जी-१७ अशी ग्रेड असते, उष्मांकावरून. पैसे एका ग्रेडचे द्यायचे आणि बेल्टवर भलतंच उतरायचं ही जुनी बोंब आहे, त्यावरून खाणवाले आणि वीजवाले वर्षानुवर्षं भांडतायत, आता तिसऱ्या पार्टीकडून सॅम्पलिंग होतं तरी भांडण संपलेलं नाही. उपाय म्हणून कोळसा धुऊन घ्यायचा, वॉशरीतून, पण वॉशरीची स्वतःची अशी भानगड असते की त्यावर न लिहिलेलं बरं.

प्र. थर्मलला पाणी किती लागतं? परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद पडलं होतं ना?

हो, २०१५ च्या दुष्काळात परळी बंद ठेवावं लागलं होतं, गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणीच उरलं नाही. त्याआधी २०१० च्या उन्हाळ्यात चंद्रपूरची युनिटं इरई धरण आटल्यामुळे बंद करावी लागली. कोळसा होता, माणसं होती, पाणी नव्हतं.

पाणी वाफेसाठी फार लागत नाही, ती वाफ थंड करून परत वापरतात. लागतं ते ती वाफ थंड करायला, ते टॉवरमधून उडून जातं, आणि राख वाहून न्यायला. २०१५ च्या नियमांत जुन्या केंद्रांना दर मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटरची मर्यादा घातली, म्हणजे बिलावरच्या एका युनिटला साडेतीन लिटर. त्याआधी कित्येक ठिकाणी याच्या दीडपट-दुप्पट जात होतं. कोराडीने मात्र एक चांगलं काम केलंय: नागपूर शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून तिकडे नेतात, रोज १३ कोटी लिटरची ती योजना आहे. पेंचचं तेवढं पाणी वाचतं. माझं मत विचाराल तर मोठ्या शहराजवळच्या प्रत्येक केंद्राला हेच सक्तीचं करायला हवं, धरणाचं पाणी मागायचंच नाही.

प्र. राखेचं काय करतात?

दोन प्रकारची राख. तळाशी पडते ती जाड, आणि ईएसपीत पकडली जाते ती फ्लाय अॅश, तीच जास्त. देशात दर वर्षी तीस कोटी टनांच्या वर राख निघते. सिमेंटवाले कोरडी फ्लाय अॅश आवडीने नेतात, तुमच्या पीपीसी सिमेंटच्या गोणीत १५ ते ३५ टक्के हीच असते, शिवाय विटा होतात, रस्त्यांच्या भरावात जाते. सरकारने १९९९ पासून नोटिफिकेशनं काढून वापर वाढवत नेला, २०२१ च्या शेवटी तर शंभर टक्क्यांचं बंधन आणि न पाळल्यास दंड आणला. कागदावर वापराची टक्केवारी आता नव्वदच्या पुढे दाखवतात.

पण जुनी राख कुठे गेली? ती तलावात आहे. पाण्यात कालवून पाइपने नेऊन साठवलेली, वर्षानुवर्षांची. जुलै २०२२ ला कोराडीचा खसाळा राख बंधारा पावसात फुटला आणि राखेचं पाणी शेतात, नाल्यात, पुढे नदीत गेलं. ज्याच्या शेतात ही राख एकदा बसली त्याला विचारा, वरून वाळली की सिमेंटसारखी पापडी धरते आणि उन्हाळ्यात वारा सुटला की उडते. मार्च-एप्रिलमध्ये राख तलावाच्या बाजूच्या गावांत दुपारी ताट झाकून जेवतात. भरपाई मिळते, पंचनामा होतो, पण पुढच्या पेरणीला जमीन कशी आहे हे त्या पंचनाम्यात नसतं.

प्र. एफजीडी म्हणजे काय आणि त्याचा एवढा गाजावाजा होऊन ते रद्द का झालं?

धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारी यंत्रणा, चुनखडीच्या पाण्याने धूर धुवायचा आणि त्यातून जिप्सम निघतं. डिसेंबर २०१५ ला नियम आला की दोन वर्षांत सगळ्यांनी मर्यादा पाळायची. मग मुदतवाढ, परत मुदतवाढ, आणि जुलै २०२५ ला केंद्र सरकारने देशातल्या सुमारे तीन चतुर्थांशाहून जास्त युनिटांना त्यातून सूटच दिली. मोठ्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आतल्यांना लावावंच लागेल, अतिप्रदूषित भागांजवळच्यांचं प्रकरण एकेक करून बघणार, बाकीच्यांना माफ.

सरकारची बाजू अशी की आपल्या कोळशात सल्फर मुळात कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, यंत्रणा महाग, वीज महाग होईल, आणि एफजीडी चालवायलाही वीज लागते. दुसरी बाजू अशी की सल्फर डायऑक्साइड हवेत गेल्यावर त्याचे बारीक कण होतात, ते लांब लांबपर्यंत जातात, आणि दहा किलोमीटरची रेघ वाऱ्याला माहीत नसते. मला स्वतःला विचाराल तर सल्फर कमी हे खरंय, पण कोळसा इतका जास्त जाळतो की कमी गुणिले प्रचंड म्हणजे शेवटी पुष्कळच होतं. आणि ज्यांनी नियम मानून आधीच पैसे घालून बसवलं त्यांनी काय घोडं मारलं होतं?

प्र. जवळ राहणाऱ्यांच्या तब्येतीवर परिणाम होतो का?

होतो. बारीक कण फुप्फुसात खोल जातात, दमा, खोकला, हृदयाचा त्रास वाढतो, यात जगभर कुठे वाद राहिलेला नाही. चंद्रपूर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांच्या यादीत पहिल्या काहींत होतं. मात्र चंद्रपूरची हवा एकट्या थर्मलने बिघडलेली नाही, खाणी, सिमेंट, कोळशाचे ट्रक, घरात जळणारा कोळसा असं सगळं एकत्र आहे, आणि त्यामुळेच प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. गच्चीवर पांढरी चादर वाळत घाला, संध्याकाळी हात फिरवून बघा. ती काळी रेघ कोणाची, हे विचारत बसण्यात पिढी गेली.

प्र. सोलर एवढं स्वस्त झालंय, मग कोळसा कशाला हवा?

हाच खरा प्रश्न, म्हणून जरा लांब उत्तर देतो.

सोलरची वीज नव्या टेंडरांत अडीच रुपयांच्या आसपास पडते. नव्या कोळसा केंद्राची त्याच्या दुप्पट. इथपर्यंत वाद नाही. पण ग्रिडला दिवसाची बेरीज नको असते, त्याला या क्षणाची वीज हवी असते. जेवढी मागणी तेवढीच निर्मिती, त्याच सेकंदाला, नाहीतर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून घसरते आणि घसरत गेली की काय होतं ते जुलै २०१२ मध्ये उत्तर आणि पूर्व भारताने बघितलंय, अर्धा देश अंधारात गेला होता.

आता कंट्रोल रूममधली संध्याकाळ डोळ्यासमोर आणा. दुपारी बारा-एकला ऐरोलीच्या लोड डिस्पॅच सेंटरचा, म्हणजे राज्यात कोणी किती वीज करायची ते सांगणाऱ्या ऑफिसचा, फोन येतो, बॅकडाऊन करा, म्हणजे लोड कमी करा, कारण सोलर जोरात आहे. ५०० चं युनिट २७५ वर येऊन बसतं. साडेपाच वाजले की तेच लोक म्हणतात चढवा. सूर्य उतरतोय, इकडे घराघरात दिवे, टीव्ही, मिक्सर, एसी, आणि तासा-दीड तासात हजारो मेगावॅट कुठून तरी आणायचे असतात. कोयना मदतीला येतं, तिचे जवळपास दोन हजार मेगावॅट मिनिटांत उठतात, पण तिचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने मोजून दिलेलं आहे, रोज रात्रभर नाही चालवता येत. घाटघरला पाणी वर चढवून ठेवायची सोय आहे, ती २५० मेगावॅट. बॅटऱ्या आता कुठे यायला लागल्यात. मग उरतं कोण? सात ते अकरा, आणि त्यानंतर पहाटेपर्यंत, तो भार कोळसाच ओढतो.

म्हणून देशाचे आकडे विचित्र दिसतात. २०२५ च्या मध्याला भारताची निम्मी क्षमता बिगर-कोळसा, बिगर-गॅस झाली म्हणून पेढे वाटले, ते खरंच आहे, पण वर्षभरात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. क्षमता म्हणजे किती करू शकतो, आणि सूर्य रात्री काहीच करू शकत नाही. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॅटवर, गेली, तो विक्रम दुपारचा होता, आणि दुपार सोलरने सांभाळली. अडचण त्याच दिवशीच्या रात्रीची असते, कारण आता रात्रीही उकडतं आणि एसी बंद होत नाहीत.

"सोलर की कोळसा" असं भांडण मला म्हणूनच निरर्थक वाटतं. किती वाजता, ते आधी सांगा. दुपारी कोळसा जाळणं आता नुकसानीचंच आहे. रात्री नऊला तो काढून टाकायचा तर त्याच्या जागी बॅटरी किंवा पाणी आधी उभं पाहिजे, नुसतं भाषण नको.

प्र. मग दुपारी केंद्र बंद करून संध्याकाळी चालू करा की!

बटण नाही ते. थंड पडलेला बॉयलर परत पेटवून पूर्ण लोडवर आणायला बरेच तास जातात, जाड धातू हळूहळू तापवावा लागतो नाहीतर तडे जातात, आणि पेटवायला महागडं तेल जाळावं लागतं. म्हणून बंद न करता कमीत कमी लोडवर धरून ठेवतात. ही किमान मर्यादा सध्या ५५ टक्के, ती ४० पर्यंत खाली आणायचा प्लॅन आहे. आमची बहुतेक युनिटं चोवीस तास एकाच लोडवर चालायला बांधलेली होती. रोज वर-खाली केलं की ट्यूब लीकेज, म्हणजे बॉयलरच्या नळ्या गळणं, वाढतं, आणि एक ट्यूब फुटली की युनिट दोन-तीन दिवस बंद, आत माणूस शिरून वेल्डिंग करतो. फ्लेक्सिबल ऑपरेशन असं सेमिनारमध्ये म्हणतात ते प्रत्यक्षात हे असतं.

प्र. शेतीला दिवसा वीज मिळायला लागली, त्याचा कोळशाशी काय संबंध?

थेट आहे. आधी शेतीपंपांना आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री वीज देत, कारण रात्री बाकी मागणी कमी असायची आणि थर्मल तर चालूच असायचं, ती वीज कुठेतरी घालायची होती. म्हणून शेतकरी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन पाणी द्यायला जाणार, साप, बिबट, रानडुक्कर, जे असेल ते. आता २०१७ पासूनच्या, आणि २०२३ ला वाढवलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळ सोलर प्लांट टाकून शेतीचे फीडर त्यावर घेतायत, टार्गेट सोळा हजार मेगावॅटचं. गायरान जमिनींवरून काही गावांत कुरबुरी आहेत, ट्रान्सफॉर्मर जळण्याचं दुखणं तसंच आहे, पण रात्रीचं पाणी देणं संपणं ही या सगळ्या ऊर्जा-बदलातली मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. जो रात्री बांधावर गेलाय त्याला पटवावं लागत नाही.

प्र. बिलावर "इंधन समायोजन आकार" असतो तो कशाचा?

कोळशाचा. वीज नियामक आयोग दर ठरवतो तेव्हा इंधनाचा अंदाजित खर्च धरतो. प्रत्यक्षात कोळसा, तेल, रेल्वे भाडं, बाहेरून घेतलेली वीज महाग पडली तर फरक या नावाने येतो. स्वस्त पडली तर हा आकार वजा पण असू शकतो, फार क्वचित. बाकी स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे कोळसा महागला की सरकारचा करही आपोआप वाढतो. हे बघून घ्या एकदा.

प्र. केंद्र बंद असतं तरी त्याला पैसे देतात म्हणे?

देतात. करारात दोन भाग असतात, एक केंद्र तयार ठेवल्याचा स्थिर खर्च, म्हणजे कर्ज, पगार, देखभाल, आणि दुसरा प्रत्यक्ष घेतलेल्या विजेचा इंधन खर्च. कोणाला आधी चालवायचं ते इंधन खर्चावर ठरतं, स्वस्त आधी, महाग शेवटी, याला मेरिट ऑर्डर म्हणतात. नाशिक, परळी, भुसावळची जुनी युनिटं खाणीपासून लांब म्हणून बरेचदा रांगेच्या मागे राहतात. तयार राहण्याचे पैसे देणं चूक नाही, अग्निशमन दलालाही पगार देतोच. चूक तेव्हा होते जेव्हा मागणीचा अंदाज फुगवून गरजेपेक्षा जास्त करार करून ठेवतात.

प्र. लोडशेडिंग परत येईल का?

२००५ ते २०१२ मधलं, चार-पाच हजार मेगावॅटच्या तुटीचं, खेड्यात बारा-बारा तासांचं, तसं येईल असं वाटत नाही. एखाद्या एप्रिलमध्ये संध्याकाळी थोडं थोडं येऊ शकतं, जसं २०२२ ला आलं. तुमच्याकडे आज दुपारी गेलेली वीज मात्र लोडशेडिंग नाही, ती डीपीवर काहीतरी जळालंय.

प्र. इंग्लंडने कोळसा बंद केला, आपण का नाही?

इंग्लंडने शेवटचं केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद केलं. पहिलं लंडनमध्ये १८८२ ला सुरू केलं होतं. म्हणजे १४२ वर्षं पोटभर जाळून, श्रीमंत होऊन, समुद्रात गॅस मिळवून मग बंद केलं, आणि तिथे विजेची मागणी आता वाढत नाही. आपल्याकडे माणशी वर्षाला साधारण १४०० युनिट वापर, जगाची सरासरी याच्या दुपटीहून जास्त. अजून पुष्कळ घरांत फ्रिज यायचाय. २०२१ ला ग्लासगोला भारताने २०७० चं नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेऊ असं उद्दिष्ट, जाहीर केलं आणि ठरावात कोळसा "बंद" ऐवजी "कमी" असा शब्द घालून घेतला.

पण हेच कारण पुढे करून वाट्टेल ते खपवतात, तेही बरोबर नाही. गरीब देशाला वीज हवी हे मान्य, त्यासाठी खसाळ्याचा बंधारा फुटायलाच हवा असं कुठे लिहिलंय? महाजेनकोसाठी छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात गारे पेल्मा सेक्टर दोनची खाण आहे, तिथल्या आदिवासी गावांचा विरोध चालू आहे. आपली रात्रीची वीज म्हणजे त्यांचं जंगल, एवढं तरी नाशिक-पुण्याला माहीत असावं.

प्र. गोव्यात तर कोळशाचं केंद्रच नाही, मग त्यांना वीज कुठून?

मुख्यतः एनटीपीसीच्या कोरबा, विंध्याचल अशा लांबच्या केंद्रांतल्या वाट्यातून, म्हणजे कोळशाचीच. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो आणि वास्कोच्या घरांवर धूळ बसते तो मात्र कर्नाटकातल्या स्टीलसाठी, विजेसाठी नाही.

प्र. पोरगा आयटीआय झालाय, थर्मलमध्ये लागेल का?

आधी अप्रेंटिस करू द्या, इलेक्ट्रिशियन, फिटर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक यांना संधी असते. महाजेनकोत तंत्रज्ञ-३ ची भरती निघते, दर वर्षी नाही, निघाली की लाखभर पोरं बसतात. जमीन गेली असेल तर प्रकल्पग्रस्ताचा दाखला आधी नीट करून ठेवा, त्यातच लोकांची वर्षं जातात. बॉयलरच्या बाजूला राहायचं असेल तर बाष्पके संचालनालयाची बॉयलर अटेंडंटची परीक्षा द्या, ते सर्टिफिकेट साखर कारखान्यात, कागद कारखान्यात, औषध कंपनीत सगळीकडे चालतं. आणि सोबत सोलरचा एखादा कोर्स करायला सांगा, पोराला अजून तीस-पस्तीस वर्षं नोकरी करायचीय आणि जुनी २१० ची युनिटं तेवढी टिकणार नाहीत. कंत्राटदाराकडे लागलाच तर पहिल्या महिन्यापासून पीएफचा मेसेज मोबाईलवर येतोय का ते बघत जा.